नो डिस्क दाखवतंय, काय करू?

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ टाकली होती की कपाटातल्या सीडी-डीव्हीडी एकदा काढून लावून बघा, चालतायत का. एवढंच. तर त्यावर पत्रं काय, व्हॉट्सॲप काय, एक आजोबा तर पिशवी घेऊन घरीच आले. संपादक म्हणाले यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाका. आधीच एक सांगतो, आपल्याकडं गोल आणि चकचकीत असलं की सगळी सीडीच, मग ती व्हीसीडी असो नाहीतर डीव्हीडी, आणि पत्रांतही निम्म्या लोकांनी नुसतं 'सीडी' लिहिलंय, त्यामुळं पुढं मागं वाचून नक्की कुठली चकती असेल ते मला ओळखावं लागलं. सांगलीत अठरा वर्षं माझी कॅसेट आणि नंतर सीडीची लायब्ररी होती, मागच्या खोलीत प्लेअर रिपेरीचं टेबल, तेवढ्या भांडवलावर ही उत्तरं आहेत.

प्रश्न : काका, आमचं लग्न २००९ चं, मिरजेत झालं. फोटोग्राफरनं दोन डीव्हीडी दिल्या, वर आम्हा दोघांचा फोटो गोल कापून चिकटवलेला. देताना म्हणाला, वहिनी हे कॅसेटसारखं नाही, शंभर वर्षं काही होत नाही. पाच-सहा वर्षं मधून मधून बघितली. आता काढली तर पहिली कशीबशी चालते आणि दुसरी पाठवणी आली की चौकोन चौकोन येऊन अडकते ती अडकतेच. माझी आई मागच्या वर्षी गेली, ती त्या पाठवणीतच आहे सगळी. काही होईल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, बरंचसं निघेल असं वाटतंय, पण पहिलं काम म्हणजे ती डिस्क प्लेअरमधनं काढा आणि 'आता चालतीय का बघू' म्हणून परत परत लावू नका. आणि वरचा फोटो सोलायला जाऊ नका, तो चिकटवायलाच नको होता पण आता आहे तर राहू दे.

फोटोग्राफर खोटं बोलला असं मी नाही म्हणणार, त्यानं जे ऐकलं ते सांगितलं. मीपण गिऱ्हाइकांना तेच सांगायचो. गडबड अशी झाली की डिस्क दोन जातीच्या असतात आणि हे आम्ही दुकानदारांनी कधी कुणाला सांगितलं नाही. एक छापलेली. कंपनी काचेवर मास्टर करते, त्यावरनं निकेलचा साचा, त्या साच्यात गरम पॉलिकार्बोनेट दाबलं की त्या प्लास्टिकलाच बारीक खड्डे पडतात आणि वर ॲल्युमिनियमचा मुलामा. म्हणजे माहिती ही प्लास्टिकच्या आकारातच आहे, नाण्यावरच्या छापासारखी. पिक्चरच्या, गाण्यांच्या विकत घेतलेल्या ओरिजिनल डिस्क ह्या अशा. दुसरी जात राइट केलेली. तिच्यात खड्डे नसतातच, तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो, सेंद्रिय रंग, आणि राइटरचा लेसर तो जागोजागी भाजतो, त्या भाजलेल्या डागांनाच प्लेअर खड्डे समजून वाचतो. आता रंग म्हटल्यावर तो उडणार, उन्हानं उडणार, उकाड्यानं उडणार, पावसाळी दमट हवेनं उडणार, लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर अजून लवकर.

तुमची कुठली ते बघायला काही यंत्र लागत नाही, उलटी करून बघा. खालची बाजू आरशासारखी पांढरी किंवा किंचित सोनेरी असेल तर छापलेली, जांभळट असेल तर राइट केलेली. सीडी असली तर हिरवट किंवा निळसर. तुमची जांभळी असणार, मी न बघता सांगतो, कारण दोन प्रतींसाठी कुणी साचा बनवत नाही. महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या लग्नांच्या, बारशांच्या, गॅदरिंगच्या डीव्हीडी जांभळ्याच.

आणि ते शंभर वर्षं काही कोऱ्या डिस्कच्या डब्यांवरपण छापलेलं असायचं. तो प्रयोगशाळेत उष्णता आणि दमटपणा वाढवून, डिस्क मुद्दाम लवकर म्हातारी करून, त्यावरनं मांडलेला हिशोब. सीडीच मुळात १९८२ ची, शंभर वर्षं बघितलीयत कुणी. शिवाय तो हिशोब चांगल्या डिस्कचा, अंधाऱ्या थंड कोरड्या खोलीतला, आणि आमच्याकडं यायच्या त्या पन्नासच्या बंडलातल्या सगळ्यात स्वस्त, घाईत फुल्ल स्पीडला राइट केलेल्या, मे महिन्यात, पंख्याखाली.

आता पाठवणीच का अडकते. डिस्क मधनं बाहेर वाचली जाते, ग्रामोफोनच्या उलट. सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट कडेला. आणि कडेलाच हात लागतो, कडेनंच हवा-पाणी आत शिरतं, राइट होतानाही कडेचं काम सगळ्यात कच्चं होतं. त्यात तो चिकटवलेला फोटो, एका बाजूला केसभर जरी सरकला असेल तर डिस्क मिनिटाला शेकडो फेरे घेताना थरथरते आणि ती थरथर कडेला जास्त जाणवते. म्हणून दोन्ही डिस्कचे शेवट आधी जातात आणि लग्नाचा शेवट म्हणजे पाठवणी. माझ्या टेबलावर आलेल्या निम्म्याअधिक लग्नांच्या डिस्क वरात नाहीतर पाठवणीतच अडकायच्या, मला आधी वाटायचं योगायोग.

करायचं काय ते सांगतो. प्लेअरचा नाद सोडा, कॉम्प्युटरचा डीव्हीडी ड्राइव्ह शोधा, नवीन लॅपटॉपला नसतो पण युएसबीला लावायचा बाहेरचा मिळतो. डिस्क मऊ सुती कापडानं मधनं कडेकडं सरळ पुसा, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा वाचनाच्या रेघेबरोबर जातो आणि सलग माहिती खातो, आडवा ओरखडा परवडतो. मग आत व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर दिसेल, ते आख्खं कॉपी करा. चाललं तर प्रश्न मिटला. मधेच एरर आली तर थांबा, आणि एखाद्या लिनक्स जाणणाऱ्या पोराला 'डीडीरेस्क्यू' हा शब्द सांगा. फुकटचा प्रोग्राम आहे, तो काय करतो की आधी डिस्कवरचं धडधाकट तेवढं सगळं उचलून घेतो आणि मग वाईट जागी परत परत, शांतपणे, जाऊन तुकडे तुकडे गोळा करतो. काय उचललं आणि काय राहिलं ह्याची तो एक नोंदीची फाइल करतो, एका ड्राइव्हला जमलं नाही तर तीच फाइल ठेवून दुसऱ्या ड्राइव्हवर पुढं चालू करता येतं, एक ड्राइव्ह जिथं अडतो तिथं दुसरा निघून जातो हे मी खूपदा बघितलंय. रात्रभर लावून ठेवा. पाठवणीत दोन-चार ठिकाणी चौकोन राहतील कदाचित, पण आई दिसतील. आणि त्या फोटोग्राफरला एकदा फोन करून बघा हो, काही लोक जुन्या हार्ड डिस्क टाकत नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. माझ्याकडे जुन्या मराठी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या सुमारे दीडशे व्हीसीडी आहेत, सर्व ओरिजिनल. मुलाने त्रेचाळीस इंची टीव्ही आणला, त्यावर लावल्या तर चेहरे ओळखू येत नाहीत इतके अस्पष्ट. पूर्वी याच डिस्क सुरेख दिसत. चित्र उतरले आहे काय? की मी वाईट जागी ठेवल्या?
— एक वाचक, सदाशिव नगर, सातारा

उत्तर : सर, तुम्ही काही चूक केलेली नाही आणि चित्रपण उतरलेलं नाही. ते पहिल्या दिवसापासून असंच होतं.

कॅसेट कशी हळूहळू मरते, रंग फिके होतात, वर पाऊस पडल्यासारखं दिसतं. डिस्क तशी मरत नाही. तिच्यात चूक दुरुस्तीचं गणित आधीच भरून ठेवलेलं असतं, थोडं खराब झालं तर प्लेअर ते हिशोबानं भरून काढतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही, मग एक दिवस खराबी त्या गणिताच्या बाहेर जाते आणि थेट चौकोन, नाहीतर 'नो डिस्क'. म्हणून जी डिस्क अजून न अडकता चालतीय तिच्यातलं चित्र जसंच्या तसं आहे असं समजा.

मग धुरकट का? व्हीसीडी १९९३ सालची गोष्ट. साध्या सीडीवर, म्हणजे जी मुळात ७४ मिनिटांच्या गाण्यांसाठी केलेली, तिच्यावर तेवढाच वेळ पिक्चर बसवायचा होता. तर चित्र केलं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आणि सेकंदाला व्हिडिओला दिले जेमतेम १.१५ मेगाबिट (मेगाबिट हे माहितीचं माप, सेकंदाला जास्त मिळाले तर चित्र चांगलं). म्हणजे एका चित्रात लाखभर ठिपके. तुमच्या मुलाच्या टीव्हीत, साधा फुल एचडी धरला तरी, वीस लाखांच्या वर ठिपके आहेत. एका ठिपक्याला वीस जागा भराव्या लागतायत, टीव्ही बिचारा अंदाजानं सारवतोय. आणि फोर-के असेल तर ऐंशीच्या वर. आपला एकवीस इंची डबा टीव्ही होता त्याची काच स्वतःच इतकी मऊ होती की ते सगळं झाकून जायचं.

आता सांगायला हरकत नाही, व्हीसीडी विकताना आम्ही 'डिजिटल क्वालिटी' म्हणायचो. डिजिटल होती हे खरं, क्वालिटी मात्र चांगल्या नव्या कॅसेटच्या आसपासचीच, आणि पळापळीच्या सीनला तर कॅसेटहून वाईट, हिरो पळाला की मागच्या झाडांचे ठोकळे व्हायचे. पण आपल्याकडं कॅसेटला पावसाळ्यात बुरशी धरायची ना, पांढरी, तसली एक कॅसेट लावली की हेड जाम आणि गिऱ्हाईक शिव्या. डिस्कला तो ताप नव्हता, कॉपी करायला कुलूप नव्हतं, स्वस्त होती, म्हणून आशियात चीनपासून आपल्यापर्यंत ती तुफान चालली आणि अमेरिकेत कुणी विचारलंसुद्धा नाही. दोन-तीन डिस्कचा पिक्चर असायचा, 'दुसरी लाव रे' म्हणून उठावं लागायचं, तेवढ्यात चहा.

सर, तुमच्याकडं एक सोपा उपाय आहे आणि एक महागडा. सोपा म्हणजे लांबून बघा, खरंच सांगतोय, दुप्पट अंतरावर बसा, आणि टीव्हीच्या सेटिंगमधे शार्पनेस कमी करा, लोक वाढवतात आणि अजून वाट लावतात. चित्र चार बाय तीन वरच ठेवा, ताणून पडदा भरू नका, चेहरे जाडे होतात. महागडा उपाय म्हणजे आजकाल कॉम्प्युटरनं चित्र मोठं करून देणारे प्रोग्राम निघालेत, पण ते नाक-डोळे स्वतःच्या मनानं काढतात आणि ओळखीच्या नटाचा चेहरा भलताच होतो, मला ते बघवत नाही. नाटकांचं मात्र एक करा, आधी नाटकं कॉपी करून ठेवा. पिक्चर कुठं ना कुठं परत येतील, बरीच नाटकं व्हीसीडीवर आली ती तिथंच राहिली.

प्रश्न : प्लेअरवर व्हीसीडी मस्त चालते, डीव्हीडी टाकली की नो डिस्क. लेन्स क्लीनर मारून झाला. डिस्क दुसरीकडे चालते.
— कोरेगाव

उत्तर : तुमच्या प्लेअरला डोळे दोन आहेत, त्यातला एक गेलाय. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल, बहुतेक प्लेअरमधे दोन्ही एकाच मुंडीत बसवलेले असतात. डीव्हीडीचा दमला. मुंडी बदलून मिळते पण आता तो सौदा करू नका, जुन्या बाजारात आख्खा प्लेअर त्याच पैशात मिळेल. (उलटं झालेलंही येतं, डीव्हीडी चालते आणि व्हीसीडी नाही, तेव्हा लोक व्हीसीडी फेकून देतात, देऊ नका.)

प्रश्न : काका, आम्ही गावभागात राहतो. २०१९ च्या पुरात घरात पाणी होतं, ट्रंकेत सीडी-डीव्हीडी होत्या सगळ्या, माझ्या शाळेच्या नाटकाच्या, आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या. तेव्हा घाईत पुसून परत ट्रंकेत टाकल्या. आता उघडल्या तर काहींना कागद चिकटलाय, काहींवर चिखलाचे डाग, एक-दोन कडेनं पांढऱ्या पडल्यात. टाकून द्यायच्या का?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : थांबा थांबा. पूर ओसरल्यावर आमच्या पेठेत काय काय रस्त्यावर फेकलेलं मी बघितलंय, त्यात डिस्कचे ढीग होते आणि त्यातल्या निम्म्या तरी वाचल्या असत्या. डिस्कला पाण्याचं तेवढं वावडं नाही, वावडं आहे ते वाळलेल्या चिखलाचं, कारण कृष्णेच्या गाळात बारीक वाळू असते आणि तुम्ही कोरडं पुसलं की तो पॉलिश पेपरच झाला.

तर वाळलेलं असेल तर आधी परत भिजवा. बादलीत साधं स्वच्छ पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, त्यात अर्धा तास डिस्क राहू दे. कागद चिकटलाय तो कोरडा ओढायचा नाही, भिजला की आपोआप सुटतो. विशेषतः सीडी आणि व्हीसीडीला हे कडक पाळा, का ते ऐका, लोकांना वाटतं खालची चकचकीत बाजू नाजूक आणि वरची छापील बाजू दणकट, आणि खरं बरोब्बर उलटं आहे. सीडीचा मुलामा वरच्या बाजूला असतो, त्यावर फक्त वार्निशचा हात आणि छपाई, कागद ओढला की मुलामा कागदाबरोबर निघतो आणि मग ब्रह्मदेव आला तरी ती चालणार नाही. (बॉलपेननं वर नाव लिहिणारे पण ह्याच पापाचे धनी.) खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक आहे, तिकडं चरा पडला तर पॉलिश तरी करता येतो. डीव्हीडी वेगळी, ती सँडविच असते, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या आणि माहिती मधे. वरनं सुरक्षित, पण कडेच्या डिंकातनं पाणी आत जाऊ शकतं.

तुमच्या त्या कडेनं पांढऱ्या पडलेल्या म्हणजे हेच, आत ओल गेली, थर सुटला नाहीतर मुलामा गंजला. ते धुऊन जात नाही. पण कडेनं पांढरी म्हणजे मधली चांगली असू शकते, आणि डिस्क मधनं वाचली जाते हे वर सांगितलंच, म्हणजे नाटकाचा पहिला अंक मिळेल, शेवटचा नाही. तीपण कॉपीला लावा.

धुतल्यावर वाहत्या पाण्याखाली धरा, मग सावलीत उभ्या करून वाळवा, गच्चीवर उन्हात नाही, हेअर ड्रायर नाही. वाळलेली सीडी बल्बसमोर धरा, सुईनं टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढ्या ठिकाणी मुलामा गेलाय. दोन-चार ठिपक्यांनी काही बिघडत नाही, चाळण झाली असेल तर सोडून द्या. आणि सगळ्या एकदम धुवायला घेऊ नका, आजोबांच्या पंच्याहत्तरीची सगळ्यात शेवटी, आधी एखाद्या फालतू डिस्कवर हात बसू दे.

प्रश्न : नमस्कार सर, मी इंजिनिअरिंगला आहे, पिक्चरचा नाद आहे. ब्लू-रे ची क्वालिटी ओटीटीपेक्षा भारी असते असं वाचलं. सेकंडहँड प्लेअर घ्यावा का? आणि घरात थ्री इन वन, फाइव्ह इन वन डीव्हीडी आहेत त्यांची क्वालिटी एवढी बेकार का, डीव्हीडी तर व्हीसीडीपेक्षा चांगली ना?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : भावा, दुसरा प्रश्न आधी घेतो, माझ्या धंद्याचा आहे. डीव्हीडी जपानात १९९६ च्या शेवटी आली तेव्हा कागदावर काय नव्हतं तिच्यात, ७२० बाय ५७६ चं चित्र, आठ भाषांतले आवाज, बत्तीस सबटायटल, एकच सीन नऊ कोनांतनं बघायची सोय. नऊ कोन! मी अठरा वर्षांत कोन बदलायचं बटण दाबून काही झालेलं एकदाही बघितलं नाही, रिमोटवर बटण होतं मात्र. मराठी पिक्चरच्या डीव्हीडीवर मराठी सबटायटल मिळालं तर नशीब. आणि मग आलं थ्री इन वन. आता तूच गणित कर. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी, (ते पण कंपनीचे हजाराच्या हिशोबातले, कॉम्प्युटर १०२४ नं मोजतो म्हणून ४.३७ दाखवतो), त्यात तीन-तीन तासांचे तीन पिक्चर म्हणजे नऊ तास, भागाकार केलास की सेकंदाला आवाजासकट जेमतेम १.१६ मेगाबिट. वर गुरुजींना व्हीसीडीचा आकडा सांगितलाय बघ, तोच आला. म्हणजे डीव्हीडीच्या वेष्टनात व्हीसीडी. फाइव्ह इन वनचं तू बघ. कागदावर डीव्हीडी ९.८ मेगाबिटपर्यंत व्हिडिओ देऊ शकत होती, आपण तिच्यात एसटीत माणसं कोंबावी तसे पिक्चर कोंबले, आणि लोक खूश होते, मी पण, भाडं तीनपट सांगता यायचं.

त्यात २००७ च्या सुमाराला मोझर बेअरनं ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला काढली. तोवर ओरिजिनल म्हणजे शंभर-दीडशेच्या वरची गोष्ट. लायब्ररीवाल्यांचं कंबरडं तिथंच मोडलं, चौतीस रुपयाला विकत मिळतंय तर भाड्यानं कोण नेणार. जगातल्या मोठ्या डिस्क बनवणाऱ्यांत होती ती कंपनी, २०१८ मधे दिवाळखोरीत लिलावाला निघाली, म्हणजे ज्यांनी आम्हाला बुडवलं ते पण त्याच चकतीबरोबर बुडाले.

आता ब्लू-रे. २००६ ला आली, निळा-जांभळा ४०५ नॅनोमीटरचा लेसर, लाटेची लांबी लहान म्हणून ठिपका लहान, म्हणून त्याच बारा सेंटिमीटरच्या चकतीत २५ जीबी एका थरात, ५० दोन थरांत. तिच्या जोडीला तोशिबाची एचडी डीव्हीडी होती, १५ आणि ३० जीबीवाली. दोन वर्षं हाणामारी झाली, जानेवारी २००८ मधे वॉर्नर ब्रदर्स ब्लू-रेच्या बाजूला गेले आणि १९ फेब्रुवारीला तोशिबानं हात वर केले. सोनीनं प्लेस्टेशन ३ ह्या आपल्या गेमच्या मशीनमधे ब्लू-रे घालून ती घराघरात आधीच पोचवली होती त्याचा मोठा हात. आणि हरलेल्यांच्या घरी एचडी डीव्हीडीचे प्लेअर राहिले, वर 'भविष्य' असं काहीतरी छापलेले. सांगलीत ह्यातलं काहीच आलं नाही म्हटलं तरी चालेल, इथं तेव्हा चौतीसवाली खपत होती.

क्वालिटीचं तू वाचलंस ते खरंय. साध्या ब्लू-रेत व्हिडिओला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मिळतात, २०१६ ची जी फोर-के ब्लू-रे आली तिच्यात १०० जीबीपर्यंतची डिस्क आणि १२८ मेगाबिटपर्यंत दर. ओटीटीवर फोर-के म्हणून जे येतं त्याला साधारण १५ ते २५ मेगाबिटचं नेट पुरतं, ह्यावरनंच समजून घे. अंधारातले सीन, धूर, पाऊस, ह्यात फरक उघड दिसतो. आवाजात तर फारच.

पण प्लेअर घे म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. डिस्क आणणार कुठनं? सॅमसंग २०१९ मधे प्लेअर बनवण्यातनं बाहेर पडली, सोनीनं राइट करायच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मधे थांबवलं. नेटफ्लिक्सनं सुरुवातच १९९८ ला पोस्टानं डीव्हीडी पाठवून केली होती, त्यांनी शेवटची डिस्क सप्टेंबर २०२३ ला पाठवली. तरीपण तुझ्याकडं जपून ठेवण्यासारखे पाच-दहा आवडते पिक्चर असतील आणि त्यांच्या छापील ब्लू-रे मिळत असतील तर घे, लोक हसतील, हसू दे. ओटीटीवरचा पिक्चर उद्या काढला तर तू काय करणार? हे नवीन नाही, अमेरिकेत १९९८ ला डिव्हएक्स नावाची एक डिस्क आलेली, दुकानातनं साडेचार डॉलरला घ्यायची, पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास चालणार, पुढं बघायची तर परत पैसे, प्लेअरला फोनची वायर लावलेली, तो रात्री कंपनीला फोन करून हिशोब देणार. लोकांनी वर्षभरात ती हाकलून लावली, म्हणाले आमच्या घरात आमची डिस्क आणि तुम्हाला विचारून बघायची? आता तेच आपण महिन्याचे पैसे भरून करतोय. सेकंडहँड घेताना स्वतःची डिस्क घेऊन जा, शेवटचा चॅप्टर लावून बघ, कडेपर्यंत वाचतोय का. बाकी पेटी किती चमकतीय ते बघू नको.

प्रश्न : भाच्याने अमेरिकेतून मुलांच्या कार्टूनच्या डीव्हीडी आणल्या, इथे चालत नाहीत. फसवणूक झाली का?
— वाई

उत्तर : नाही हो. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे तुकडे पाडले होते, अमेरिका १, आपण ५, जपान-युरोप २. पिक्चर तिकडं आधी लागतो, इकडं नंतर, मधल्या काळात डिस्क इकडं येऊ नये म्हणून. खरं तर आपल्याकडचे स्वस्तातले चिनी प्लेअर सगळ्याच रिजनचं खायचे, तुमचा चांगल्या कंपनीचा आहे म्हणून अडला! कॉम्प्युटरवर लावून बघा, पण तो 'रिजन बदलू का' विचारेल तेव्हा जपून, पाच वेळाच बदलता येतो, पाचव्याला जे ठेवाल ते कायमचं.

प्रश्न : चरा पडलेल्या डिस्कला टूथपेस्ट लावतात ते खरं का?
— बऱ्याच जणांचा

उत्तर : लावतात, मीपण लावलीय. पांढरी साधी पेस्ट, जेलवाली नाही, खालच्या बाजूला, मधनं कडेकडं, हलक्या हातानं. बारीक चऱ्याच्या कडा घासून बोथट होतात आणि लेसर निघून जातो. खोल चऱ्याला काही होत नाही, आणि रंग उडालेल्या जांभळ्या डिस्कला तर दात घासून काय उपयोग. ब्लू-रेला चुकूनही नको, तिची माहिती पृष्ठभागापासनं फक्त ०.१ मिलिमीटरवर असते.

प्रश्न : मी तासगावचा, द्राक्षबाग आहे. पाखरांसाठी आम्ही बागेत जुन्या सीडी दोरीला बांधतो, उन्हात चमकल्या की पाखरं बिचकतात. पण काही सीडी दोन महिन्यांत पारदर्शक होतात, नुसतं प्लास्टिक राहतं, आणि काही दोन सीझन टिकतात. कुठल्या बांधाव्यात?
— एक बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : आबा, ह्या सगळ्या पत्रांत तुमचाच प्रयोग मला सगळ्यात आवडला, कंपन्यांनी प्रयोगशाळेत केलं ते तुम्ही बांधावर केलंय. दोन महिन्यांत पारदर्शक होतात त्या सीडी, त्यांचा मुलामा वरच्या वार्निशखाली, ऊन-दव-औषधाची फवारणी लागली की पापुद्रे सुटतात आणि उडून जातात. टिकतात त्या डीव्हीडी, मुलामा दोन प्लास्टिकच्या मधे बंद आहे ना. तर डीव्हीडी बांधा. जांभळी असली तरी चालेल, उन्हानं आतला रंग जाईल आणि वाचायला ती कायमची बाद होईल, पण चमक मुलाम्याची असते, पाखराला तेवढी बास.

फक्त बांधायच्या आधी एक करा, रद्दीवाल्याकडनं आणलेल्या त्या ढिगातली एकेक डिस्क एकदा बघून घ्या, वर कुणाचं नाव-तारीख लिहिलेली, किंवा फोटो गोल कापून चिकटवलेला आहे का. असेल तर ती बाजूला ठेवा आणि मला कळवा, मी पुढच्या अंकात तारीख आणि गाव छापतो, कुणीतरी शोधत असेल.